खायचे दात: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ना. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा.



साहेब, मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजू माणसाच्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत, त्या पैशातून काय काय घ्यायचं याची यादीही दिली आहे. चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड, व्हीलचेअर, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर. डोळे आले, कान आले, गुडघे, कंबर, मान सगळं आलं. तोंड तेवढं राहिलं. या यादीत नाव घेऊन कवळी कुठं नाही.

गंमत अशी की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत ती २०१७ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना जी साधनं मोफत द्यायची, त्यांत काठी, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, चष्मा आणि कवळी अशी नावं एका रांगेत आहेत. दिल्लीला आठवलं ते मुंबईच्या यादीतून सुटलं. ही एक ओळ यादीत घालावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की नुसती ओळ घालून भागणार नाही, म्हणून पत्र लांबलं. सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. तोंडात वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी आहे. वयोश्री योजना सामाजिक न्याय विभागाची आहे, आरोग्य खात्याची नाही, हे मला ठाऊक आहे. पण जबड्याला खातेवाटप कळत नाही. शिवाय आपण आमचे पालकमंत्री, आणि दंत महाविद्यालयं ज्या वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात ते खातं कागलच्या हसन मुश्रीफ साहेबांकडे. आरोग्याची दोन्ही खाती एकाच जिल्ह्यात असताना कोल्हापूरच्या म्हाताऱ्यांनी दातांसाठी आणखी कुणाच्या दारात जायचं?

आधी जेवणाचं बोलतो. कोल्हापुरात माणसाची पारख जेवणावरून होते. इथं कुणी भेटलं की 'जेवला का?' हा पहिला प्रश्न. गावच्या म्हाईच्या जत्रेला पंगत बसते, वाढपी बादली घेऊन येतो, 'आण्णा, फोडी घालू?' म्हणून विचारतो. आण्णा ताटावर आडवा हात धरतात. 'नको रं, पित्त हाय. पांढरा घाल थोडा.' पित्त वगैरे काही नसतं. पांढऱ्या रश्श्यात भात कालवून आण्णा सगळ्यांच्या आधी हात धुतात आणि मांडवाबाहेर जाऊन उभे राहतात. आपण राधानगरी-भुदरगड-आजऱ्यातल्या कितीतरी पंगतींना बसला असाल. पुढच्या वेळी आडवे हात तेवढे बघा. ज्यांनी उभ्या जन्मात मटणाच्या फोडीला नाही म्हटलं नाही, त्यांना एकाएकी पित्त कसं झालं, हे लगेच कळेल.

घरातही तेच. भाकरीचा पापुद्रा आमटीत भिजवायचा, चपाती चहात बुडवायची, नाहीतर दूध-भाकरी कुस्करून खायची. भुईमुगाच्या शेंगा, कच्चा कांदा, काकडी, पेरू, उसाचं कांडं, मोडाची उसळ हे सगळं हळूहळू ताटातून उठून जातं. राहतो तो मऊ भात, पातळ वरण आणि बिस्कीट. म्हणजे डाळी-उसळीतली आणि मांसातली प्रथिनं कमी, फळं-भाज्या कमी, पिठूळ आणि गोड जास्त. यातच मधुमेह असेल तर आणखी पंचाईत. अंगावरचं मांस उतरतं, पायातलं बळ जातं, आणि घरचे म्हणतात, 'वय झालं.' वय होतंच, पण निम्मं श्रेय ताटाचंही असतं. त्यात घरात एकासाठी वेगळं मऊ करायचं म्हटलं की सुनेला त्रास नको म्हणून म्हातारी माणसं 'भूक नाही' म्हणायला शिकतात.

दुसरी गोष्ट बोलण्याची. त, थ, द, ध, न म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते. फ आणि व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागतो. स म्हणताना दातांच्या फटीतून हवा बारीक सुटावी लागते. पुढचे दात गेले की ही सगळी अक्षरं सैल पडतात. आमच्या ओळखीचे एक आप्पा हरिपाठात पुढं उभे राहून अभंग उचलायचे. आवाज अजून खणखणीत आहे. पण दात गेल्यावर शब्द फुसकन सुटायला लागले, पोरं खुदखुदली, तेव्हापासून आप्पा मागच्या रांगेत टाळ धरून उभे असतात. बँकेच्या खिडकीवर तेच होतं. 'काय म्हणताय आजोबा? परत सांगा.' दोनदा-तीनदा असं झालं की माणूस स्वतः जायचं सोडतो, मुलाला नाहीतर नातवाला पाठवतो. पासबुक दुसऱ्याच्या हातात गेलं की घरातली जागाही एक पायरी खाली येते. दात गेल्यावर माणूस परस्वाधीन होतो तो असा, कुणाच्या नजरेत न येता.

तिसरी गोष्ट दिसण्याची. ही बोलायची सोयच नाही, कारण म्हातारपणी दिसण्याची हौस करणं आपल्याकडे शोभत नाही. दातांविषयी विचारलं की गावाकडची म्हातारी पटकन म्हणते, 'आता दात घिऊन काय लगीन करायचंय व्हय?' सगळे हसतात, तीही हसते, पण हसताना पदर तोंडाशी जातो. पुण्यातला नातू व्हिडिओ कॉल करतो तेव्हा ती फोन सुनेकडे देते, नाहीतर कपाळ तेवढं दाखवते. मुंजीच्या, बारशाच्या फोटोत ओठ घट्ट मिटून बसते. दात गेले की गाल आत ओढले जातात, नाक आणि हनुवटी जवळ येतात, माणूस आहे त्यापेक्षा दहा वर्षांनी थकलेला दिसतो. आरशात हे रोज बघायचं आणि वर त्याची खंत वाटते म्हणायचीही चोरी. त्या एका विनोदाने सरकारचा खूप पैसा वाचवला आहे, साहेब. ज्याची मागणी कुणी करत नाही ते अंदाजपत्रकात येत नाही.

हे सगळं हळवेपणाचं आहे असं कुणाला वाटेल. पण दंतवैद्यकाने हे केव्हाच मोजायला घेतलं आहे. ज्येष्ठांच्या तोंडाच्या आरोग्यासाठी १९९० मध्ये अमेरिकेत १२ प्रश्नांची एक सूची तयार झाली, ती आज जगभर वापरतात. त्यात किडलेले दात मोजत नाहीत. चावता येतं का, गिळता येतं का, नीट बोलता येतं का, चारचौघांत खाताना अवघडल्यासारखं होतं का, दातांमुळे लोकांत जाणं टाळता का, आपल्या तोंडाकडे बघून बरं वाटतं का, असं विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात साठीपुढच्या सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरत नाही असा जागतिक अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जवळपास दर दहा माणसांत एक साठीपुढचा होता, आणि तेव्हापासून आपण सगळेच थोडे म्हातारे झालो आहोत. म्हणजे पंगतीतले आडवे हात चार-दोन नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग वाटा की कवळ्या. इथंच खरी मेख आहे. काठी वाटता येते, चष्माही नंबर काढून वाटता येतो. कवळी तशी वाटता येत नाही. खेड्यापाड्यांत कितीतरी घरांत एक डबी किंवा स्टीलची वाटी असते, तिच्यात कवळी असते, आणि ती तोंडात जाते फक्त लग्नाला आणि फोटोला. मुलाने हौसेनं करून दिली, पण 'लागती', 'उचलती', 'बोलताना खाली येती' म्हणून जेवताना काढून ठेवायची. हत्तीची म्हण आपण पुढाऱ्यांना लावतो, पण ती खरी लागू पडते या डबीला. दाखवायचे दात मिळाले, खायचे मिळाले नाहीत.

असं का होतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण योजना आखणाऱ्यांना हे कळल्याशिवाय योजना नीट होणार नाही. दात काढला की त्याला धरून असलेलं हाड झिजू लागतं. पहिल्या सहा महिन्यांत, वर्षात ही झीज सर्वांत वेगानं होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही. खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजतं. वरच्या कवळीला टाळूचा रुंद आधार असतो, लाळेच्या पातळ थरावर ती चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालासारखी अरुंद, मध्ये सतत हलणारी जीभ. त्यामुळे बहुतेक जण तक्रार करतात ती खालच्या कवळीची. त्यातून कवळी कितीही चांगली बसली तरी चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच मिळते. हे आधी कुणी सांगत नाही. माणूस पहिल्याच दिवशी शेंगा फोडायला जातो, हिरडीला जखम होते, कवळी डबीत जाते.

चांगली कवळी एका बैठकीत होत नाही. पहिल्या वारीला हिरड्यांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करतात. दुसऱ्या वारीला त्या माणसापुरता वेगळा साचा वापरून कडांसकट बारीक माप. तिसऱ्या वेळी मेणाचे पट्टे तोंडात ठेवून वरचा-खालचा जबडा कुठं मिळतो, ओठ किती भरून दिसतात ते ठरवायचं. चौथ्या वेळी मेणात दात लावून बघायचे: हसून दाखवा, बोलून दाखवा, आरशात बघा. पाचव्या वेळी कवळी हातात मिळते. आणि काम खरं तर तिथून सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत यावं लागतं, कारण कुठं ना कुठं लागलेलं असतं. डॉक्टर तेवढा भाग खरवडून देतात. असं दोन-चार वेळा. चावायची नवी सवय लागायला दीड-दोन महिने जातात. लहान घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, पुढच्या दातांनी तोडायचं नाही, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून बोलण्याचा सराव करायचा.

नवी कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस पायाला चावते. म्हणून कुणी ती उकिरड्यावर टाकत नाही, तेल पाजून रुळवतो. कवळी रुळवायला मात्र डॉक्टर लागतो आणि डॉक्टरपर्यंत जायला एसटी लागते. चंदगडचा माणूस शंभराच्या वर किलोमीटर तोडून कोल्हापुरात येतो. पंचाहत्तरीनंतर त्याला तिकीट नाही, ही शासनाची मोठी सोय आहे, पण त्याला धरून आणणाऱ्या मुलाचा दिवसाचा खाडा कोण भरून देणार? पाच वाऱ्या कशाबशा होतात. सहावी, म्हणजे लागलेलं घासून घ्यायची, राहून जाते. आणि सगळी कवळी त्या सहाव्या वारीवर उभी असते.

पैशाचंही सांगतो. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वयोश्रीचे ३,००० म्हणजे त्याचे दोन महिने. खासगी दवाखान्यात साधी पूर्ण कवळीसुद्धा तेवढ्यात होणं अवघड. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, सत्तरीपुढच्यांना तर उत्पन्नाची अटही नाही. पण या योजनांचा सगळा भर दवाखान्यात दाखल करून करायच्या उपचारांवर. कवळीसाठी कुणी माणसाला खाटेवर झोपवत नाही, त्यामुळे ती त्या चौकटीत बसत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेला लाखो रुपये मिळतात आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर 'पौष्टिक खा' म्हणतात ते चावायला काही मिळत नाही. दात आहेत तर चणे नाहीत, ही जुनी तक्रार. आता रेशनवर धान्य आहे, दात नाहीत.

साहेब, कवळीवरून मंत्र्यांची खुर्ची हललेली आहे. इंग्लंडमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कवळ्या आणि चष्मे मोफत होते. मागणी इतकी आली की खजिन्याला घाम फुटला. १९५१ च्या अंदाजपत्रकात कवळी आणि चष्म्याचा निम्म्यापर्यंत खर्च लोकांकडून घ्यायचं ठरलं. ती सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन तेव्हा मजूरमंत्री होते. त्यांनी एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्यांचे मतभेद संरक्षणखर्चावरूनही होते, पण ठिणगी पडली ती या शुल्कावरून. खाणकामगाराच्या घरात वाढलेल्या त्या माणसाला दात ही चैन वाटत नव्हती. आम्ही आपल्याकडे राजीनामा मागत नाही, एक ओळ आणि थोडी तरतूद मागतो आहोत.

उदाहरणासाठी इंग्लंडला जायचीही गरज नाही. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कर्नाटक. तिथल्या सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी 'दंतभाग्य' योजना आणली आणि काम दंत महाविद्यालयांकडे सोपवलं. केरळच्या सामाजिक न्याय विभागाची याच कामाची 'मंदहासम्' नावाची योजना आहे. सीमेवरच्या एका नदीने निपाणीच्या म्हातारीला एक न्याय आणि कागलच्या म्हातारीला दुसरा, असं व्हायला नको. सीमाप्रश्नावर आपण सगळे तावातावाने बोलतो. दातांच्या बाबतीत तरी आपल्या बाजूचा माणूस मागे पडू नये.

तर मागण्या अशा आहेत.

पहिली, राज्याच्या वयोश्री योजनेत कवळी नाव घेऊन यावी आणि तिची रक्कम वेगळी असावी. काठीच्या आणि कमरेच्या पट्ट्याच्या हिशेबात कवळी बसणार नाही. ज्याला चष्माही हवा आणि दातही हवेत, त्याला डोळे की तोंड असं निवडायला लावू नये.

दुसरी, काम दंत महाविद्यालयांना द्यावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला जुनी सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, आपल्या बाजूला नाहीत. पण वारणेकाठी नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून ठरावीक पूर्ण कवळ्या करूनच दाखवाव्या लागतात. त्यांना रुग्ण हवेत, आमच्याकडे रुग्ण आहेत. मध्ये गाडी आणि साहित्याचा खर्च सरकारने घालावा. मुश्रीफ साहेबांशी एक बैठक झाली तर हे जुळून येण्यासारखं आहे.

तिसरी, सहाव्या वारीची सोय तालुक्यात व्हावी. माप आणि मेणाचं काम महाविद्यालयात होऊ दे, पण लागलेलं घासून द्यायला माणसाला पारगावला किंवा आमच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरला, यावं लागू नये. गारगोटी, राधानगरी, आजरा इथल्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातला एक ठरलेला दिवस कवळीचा ठेवावा. शक्यतो बाजाराचा, म्हणजे लोक तसेही तालुक्याला आलेले असतात. एक दंतचिकित्सक, एक छोटं घासायचं यंत्र आणि एक खुर्ची एवढ्यात ते काम होतं.

चौथी मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पैशाचा शेवटचा हप्ता कवळी दिल्यावर देऊ नका, ती वापरात आल्यावर द्या. तीन महिन्यांनी आशाताईने घरी जाऊन बघावं: कवळी तोंडात आहे की डबीत? तिच्याने भाकरी खाल्ली जाते का? मघाशी सांगितलेल्या बारा प्रश्नांतले चार-पाच जरी विचारले तरी कळेल. वाटलेल्या कवळ्यांचा आकडा आणि स्टेजवरचे फोटो हे योजनेचं यश धरलं, तर आपण पुन्हा दाखवायचेच दात वाटू. शिबिरात एका दिवसात दोनशे मापं घेणाऱ्या ठेकेदाराला ही अट जाचक वाटेल. वाटू दे.

पाचवी, आशाताईंना आणि घरच्यांना चार गोष्टी शिकवाव्यात. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना विश्रांती द्यायची. रात्रंदिवस घातली तर टाळूला बुरशीचा संसर्ग होऊन लालसर चट्टे येतात. मऊ ब्रशने, साध्या साबणाने धुवायची, राखेनं किंवा खरखरीत पावडरीनं नाही. उकळत्या पाण्यात टाकायची नाही, ती वाकते. धुताना खाली पाण्याचं भांडं धरायचं, कारण फरशीवर पडली की दोन तुकडे. हाड झिजत राहतं, म्हणून काही वर्षांनी ती ढिली होणारच. तेव्हा आतून नवा थर द्यायचा किंवा बदलायची. आणि तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर 'कवळी लागली असेल' म्हणून गप्प बसायचं नाही, दाखवायचं. तंबाखूच्या या पट्ट्यात ती जखम कर्करोगाचीही असू शकते.

तंबाखूवरून आठवलं. दात जातात कशाने, हेही आपल्या खात्याचंच काम आहे. आपल्याकडे बायका चुलीजवळ बसून मिश्री लावतात, पुरुष तळहातावर चुना मळतात. मिश्रीने दात घट्ट होतात हा समज अजून घट्ट आहे. उलट तिच्याने हिरड्या मागे सरकतात आणि धडधाकट दात हलायला लागतात. वरचा दात काढला की नजर जाते, हा दुसरा समज. त्या भीतीपोटी माणसं सडलेला दात वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात आणि शेजारचे दोन घालवून बसतात. जपानने १९८९ मध्ये '८०२०' नावाची मोहीम काढली: ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात हवेत, कारण तेवढे असले की बहुतेक सगळं खाता येतं. २०१६ पर्यंत तिथल्या ऐंशीच्या घरातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ते गाठलं. आजच्या पन्नाशीतल्या माणसांसाठी आपणही असं काही सुरू करू शकतो. पण ज्यांचे दात आधीच गेले आहेत त्यांना ब्रश कसा धरावा हे सांगून उपयोग नाही. त्यांना कवळीच द्यावी लागेल.

कवळीने तारुण्य परत येत नाही, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो. उसाचं कांडं मला अजून सोलता येत नाही, सुपारी कायमची सुटली, खालची कवळी शिंकताना दगा देते. ती आली म्हणून ताट आपोआप सुधारतही नाही. वर्षानुवर्षं मऊ खायची सवय लागलेल्या माणसाला पुन्हा उसळ, फळं, भाजी खायला कुणीतरी बसून सांगावं लागतं. पण मिसळीतली मटकी चावता येते. चारचौघांत बसून, तोंडावर हात न धरता, पूर्ण वाक्य बोलता येतं. समोरच्याने 'काय म्हणालात?' असं विचारलं नाही, की आपण अजून माणसांत आहोत याची खात्री पटते. आपल्या बऱ्याच योजना म्हाताऱ्या माणसाला जगवतात. त्याला पंगतीत बसवणाऱ्या योजना थोड्या आहेत.

पैशाची अडचण सांगितली जाईल. म्हणून राज्यभर एकदम करा असं मी म्हणत नाही. जिल्हा नियोजन समितीचे आपण अध्यक्ष आहात. पुढच्या बैठकीत आपल्याच मतदारसंघातल्या तीन तालुक्यांसाठी, एका वर्षापुरती, कवळीची तरतूद ठेवा. वर्षाअखेरीला किती कवळ्या दिल्या आणि त्यांतल्या किती जेवताना तोंडात असतात, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ आला तर ती योजना घेऊन मंत्रिमंडळात जा; वयोश्रीच्या यादीत ओळ घालायला मग कुणी हरकत घेणार नाही. दूर राहिला तर का राहिला ते शोधा, पण प्रयोग सोडू नका.

उत्तराची वाट बघतो. ते पत्राने नको, बैठकीच्या इतिवृत्तात आलं तर जास्त आनंद होईल.

आपला,
कोल्हापुरातील एक ज्येष्ठ नागरिक